नालेसाठी घोडा

मागचा रुंद टायर चॅसिसला घासू लागला, की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न निघतो तो ‘कापायचं किती?’ असा. टायर लोखंडाला लागतोय, म्हणजे लोखंडच आडवं आलंय, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. खरं तर ते लोखंड कुठंच गेलेलं नाही. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ते जिथं होतं, तिथंच आजही आहे. बदललंय ते दुसरंच काही: टायर रुंद झाला, रिम वेगळी आली, पाटे बसले, नाहीतर बुश सैल झाले. माझं म्हणणं एवढंच, की जे बदललं तिथून दुरुस्ती सुरू व्हावी आणि जे बदललंच नाही त्याला हात सगळ्यांत शेवटी लागावा. टायर ही काही वर्षांत झिजून जाणारी वस्तू. रिम विकून दुसरी घेता येते. ॲक्सलही दुसरा बसवता येतो. चॅसिस मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत तीच असते. गाडीचा क्रमांकसुद्धा तिच्यावरच ठोकलेला असतो. असं असूनही माणसं उलट्या टोकाकडून का सुरुवात करतात, हे कळायचं तर हा शौक जिथं वाढला त्या अमेरिकेकडे पाहावं लागतं.

१७ एप्रिल १९६४ रोजी फोर्डची मस्टँग बाजारात आली. सहा सिलिंडरच्या साध्या मस्टँगला ६.५०-१३ या मापाचे टायर होते, म्हणजे रुंदी साडेसहा इंच, आजच्या मापात १६५ मिलिमीटरच्या आसपास. मागचं चाक ज्या पोकळीत फिरतं, तिचा पत्रा त्याच अंदाजानं दाबलेला होता. आज त्या गाडीला हौसेनं २७५ चा टायर चढवू पाहणारा माणूस त्या पोकळीत ११० मिलिमीटर जादा रबर कोंबू पाहतो. हे वेड कुठून आलं, तेही स्पष्ट आहे. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना जोर मागच्या चाकांतून मिळे, इंजिनं दांडगी असत आणि पाव मैलाच्या सरळ शर्यतींनी तरुणांना झपाटलेलं होतं. १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि या शर्यतींना शिस्त आली. अशा शर्यतीत गाडी सुटते तेव्हा भार मागे ढकलला जातो; वजन आणि इंजिनचा जोर एकदमच मागच्या दोन चाकांवर येतो. तिथं रुंद, मऊ, नक्षी नसलेला टायर लागतो, यात वाद नाही. १९७० मध्ये प्रो स्टॉक हा वर्ग सुरू झाला. त्यातल्या गाड्यांच्या मागच्या भागाची पुढे पार नव्यानं बांधणी होऊ लागली, चॅसिस आत सरकली आणि प्रचंड टायर मडगार्डच्या आत मावले. मग हेच रूप रस्त्यावरच्या गाड्यांनी उचललं आणि त्याला प्रो स्ट्रीट हे नाव पडलं. मागची सीट गेली, तिच्या जागी पत्र्याचे दोन मोठे फुगवटे आले, आणि यातल्या कितीतरी गाड्या शर्यतीच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नाहीत. शर्यतीच्या गाडीनं टायरची गरज होती म्हणून चॅसिस बदलली. रस्त्यावरच्या गाडीनं ती बदलली, ती टायर दिसावा म्हणून. नाल सापडली म्हणून घोडा घ्यायचा, तसला हा व्यवहार. एकदा तो देखणा ठरला, की कापणं हा उपाय न राहता मिरवण्याची गोष्ट होते.

आता जागेचा हिशेब पाहू. तो इतका सोपा आहे, की कुणी करतच नाही. चाकाच्या आतल्या अंगाला चॅसिस असते, किंवा पाटे, जे आधी आडवं येईल ते. बाहेरच्या अंगाला मडगार्डची दुमडलेली कड. या दोहोंतलं अंतर, समजा, २९० मिलिमीटर भरलं आणि टायरवर २७५ लिहिलेलं आहे. १५ मिलिमीटर उरले, दोन्हीकडे साडेसात-साडेसात. कागदावर टायर बसला. पण २७५ हा आकडा टायरच्या भिंतीच्या सगळ्यांत फुगीर भागाचा असतो आणि तोही ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेला. रिम अर्धा इंच रुंद घेतली, की तोच टायर सुमारे ५ मिलिमीटर पसरतो. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर शेजारी उभे केले, तर तेही तंतोतंत सारखे भरत नाहीत. शिवाय गाडी काही कागदावर धावत नाही. वळणावर टायरची भिंत बाजूला झुकते, पाट्यांवरचा ॲक्सल बुशांच्या रबराइतका सरकतो आणि खड्ड्यात एक चाक वर गेलं की अख्खा ॲक्सल तिरपा होतो. म्हणून जुने जाणते आतल्या बाजूला निदान अर्धा इंच मोकळा ठेवतात आणि बाहेर, जिथं चाक वर येऊन मडगार्डच्या कडेखाली शिरतं, तिथं त्याहून थोडा जास्त. या हिशेबानं २९० च्या फटीत खरा मावणारा टायर २५५ चा, फार ताणून २६५ चा. २७५ चा टायर विकत घेतला, त्याच क्षणी घासण्याचा निर्णयही घेतला गेला. चॅसिसचा त्यात काही संबंध नव्हता.

दुसरा घोटाळा रिमच्या ऑफसेटचा, आणि त्यात भलेभले फसतात. रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी तिची बाजू यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. ‘जुन्या रिमचा ऑफसेट शून्य होता, नव्याचाही शून्यच आहे, मग आत घासेल कसं?’ हा प्रश्न नेहमीचा आहे. उत्तर मोजपट्टीत आहे. ८ इंची रिम म्हणतात ती टायर बसतो त्या आतल्या मापानं. काठापासून काठापर्यंत ती सुमारे ९ इंच भरते. ऑफसेट शून्य असेल, तर हबपासून आतला काठ साडेचार इंचांवर येतो. १० इंची रिम काठापासून काठापर्यंत ११ इंच. ऑफसेट तोच, पण आतला काठ आता साडेपाच इंचांवर. आकडा बदलला नाही आणि चाक इंचभर चॅसिसच्या दिशेनं गेलं. अमेरिकेतले हौशी लोक ऑफसेटच्या भानगडीत न पडता थेट हबपासून आतल्या काठापर्यंतचं अंतर मोजतात, ते याच कारणानं. चॅसिसला घासणाऱ्या चाकासाठी तेच एक माप कामाचं आहे. बाहेर जागा शिल्लक असेल, तर हे अंतर कमी असलेली रिम घेतली की प्रश्न मिटतो. ग्राइंडर लागत नाही, वेल्डिंगही लागत नाही. बाहेरही जागा नसेल, तर कितीही रिमा बदलल्या तरी बेरीज बदलत नाही.

घासणं सगळीकडे सारखंही नसतं. टायरच्या आतल्या भिंतीवर खडूचा जाड पट्टा ओढून गाडी फिरवून आणली, की बरंच कळतं. सपाट, सरळ रस्त्यावरच पट्टा पुसला गेला, तर जागाच अपुरी आहे. फक्त वळणावर पुसला, तर ॲक्सल बाजूला सरकतोय: बुश, पाट्यांचे झोके, किंवा पॅनहार्ड रॉड असेल तर तो तपासावा. या रॉडचं एक टोक चॅसिसला आणि दुसरं ॲक्सलला असतं, त्यामुळे गाडी खालीवर होताना ॲक्सल कमानीत फिरतो. शौकापायी गाडी खाली बसवली, की तो कायमचाच एका बाजूला ओढला जातो आणि लोक टायरला दोष देतात. मागे माणसं बसल्यावर किंवा खड्ड्यातच घासत असेल, तर दुखणं उंचीचं आहे. पाटे थकलेत किंवा बंप स्टॉप झडून गेलाय. आणि एकाच बाजूला घासत असेल, तर कापण्याचा विचारही करू नये. दोन्ही बाजूंच्या चॅसिसवरून ओळंबा सोडावा आणि चाकापर्यंतचं अंतर मोजावं. ते वेगवेगळं भरलं, तर ॲक्सल मध्यावर नाही. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल, नाहीतर गाडीनं कधीतरी मार खाल्ला असेल. अशा वेळी कापलेली चॅसिस मूळ वाकडेपणा झाकते आणि गाडी तशीच तिरपी पळत राहते.

इथं स्पेसरवाले पुढे येतात. हब आणि रिम यांच्यामध्ये एक चकती घाला, चाक बाहेर येईल, काम झालं. त्यांचं म्हणणं साफ खोटं नाही. पोर्शेसारख्या कंपनीनंही स्वतःच्या गाड्यांसाठी स्पेसर विकले आहेत. पण त्या स्पेसरमागे त्या गाडीचं बेअरिंग, स्टडची लांबी आणि मडगार्डची जागा यांचा विचार झालेला असतो. बाजारात सुटी मिळणारी चकती यातलं काहीच विचारत नाही. १० मिलिमीटरची चकती जुन्याच स्टडवर सरकवली, की नटाच्या वाट्याचे तेवढेच आटे जातात. स्टडच्या जाडीइतके तरी आटे नटात बसले पाहिजेत, हा मिस्त्रींचा जुना दंडक तिथं मोडतो. हबच्या उंचवट्यावर चकती नेमकी बसली नाही, तर चाक नटांच्या भरवशावर मध्यात राहतं आणि वेगात थरथरतं. चाकावर ४०० किलोचा भार असेल आणि ते २५ मिलिमीटर बाहेर आलं, तर बेअरिंगवरचा पीळ १० किलोग्रॅम-मीटरनं वाढतो, तोही गाडी उभी असतानासुद्धा. हे सगळं जमवता येतं: हबवर नेमका बसणारा, स्वतःचे स्टड असलेला, चांगल्या धातूचा स्पेसर मिळतो. तरीही त्याच्या मर्यादेचं काय? स्पेसर जागा निर्माण करत नाही, फक्त बाहेरची आत आणतो. बाहेर ती नसेल, तर आज चॅसिसला घासणारा टायर उद्या मडगार्डच्या कडेनं सोलून निघेल, आणि मग डेंटरकडे ती कड ठोकून आत वळवण्याचा दुसरा अध्याय सुरू होईल.

‘थोडं घासलं तर काय बिघडतं, घासून घासून आपोआप जागा होईल,’ असंही ऐकू येतं. यावर जास्त बोलण्याचं कारण नाही. रेडियल टायरच्या तळव्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत मात्र रबराखाली धाग्यांचे एक-दोन पातळ थर. घासलं जातं ते इथंच. तेही आतल्या बाजूला, म्हणजे हवा भरणाऱ्या पोरालाही दिसणार नाही अशा जागी. चॅसिसची जोडरेषा किंवा बोल्टचं डोकं त्या धाग्यांपर्यंत पोचलं, की टायर हळू बसत नाही, फुटतो.

जरा गंभीरपणे घ्यावा असा आक्षेप पकडीचा आहे. रुंद टायरला पकड जास्त, म्हणून घासला तरी तो बसवायचाच, असं म्हणणाऱ्याला शाळेतल्या पुस्तकाचं उत्तर देता येत नाही. गियोम आमाँताँ यानं १६९९ मध्ये मांडलेला नियम सांगतो, की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम पाळत नाही. दाब कमी झाला, की रबराचा घर्षणांक वाढतो, आणि रुंद टायर उष्णताही अधिक जागेवर पसरवतो. तेव्हा फायदा आहे, हे मान्य. पण तो मानतात त्याहून लहान आहे. जमिनीला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं; टायर रुंद केला, की तो ठसा आडवा वाढतो आणि लांबीला घटतो. कोरड्या शर्यतीच्या पट्टीवर हे चालतं. पावसाळ्यात पाणी साचलेल्या महामार्गावर हाच आडवा ठसा जास्त पाणी बाजूला लोटावं लागल्यानं कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. आपल्याकडे तर आणखी एक गंमत आहे. इथल्या बहुतेक छोट्या गाड्यांना जोर पुढच्या चाकांतून मिळतो. अशा गाडीला मागे रुंद टायर लावून सुटण्याची पकड तसूभरही वाढत नाही. उलट मागचं चाक घट्ट आणि पुढचं तेवढंच राहिल्यानं गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते. मागच्या रुंद टायरमागचं मूळ कारण ज्या गाडीत नाहीच, तिच्यात ते रूप तेवढं आलेलं आहे. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्या मागच्या चाकांना जोर मिळतो खरा. पण त्यांच्या चिखलवाटांवर टायरची उंची आणि नक्षी रुंदीपेक्षा जास्त कामाला येते.

मग चॅसिस कधीच कापू नये का? असं मी म्हणत नाही. कापणं हा गुन्हा नाही. कापून उघडं सोडणं हा आहे. चॅसिसचा लांब दांडा म्हणजे पत्र्याची बंद पेटी असते. ७५ बाय ५० मिलिमीटरची, अडीच मिलिमीटर पत्र्याची पेटी घेऊन पिळापुढचा तिचा ताठपणा नेहमीच्या सूत्रानं काढला, तर लांबीभर एक चीर पडलेली तीच पेटी तिच्यापुढे सुमारे चारशेपट लवचीक ठरते. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच; फक्त पेटी बंद राहिलेली नसते. टायरपुरती पाडलेली खाच आखूड असते, त्यामुळे अख्ख्या गाडीवर इतका भयंकर परिणाम होत नाही, पण त्या खाचेपाशी पत्रा असाच दुबळा होतो आणि तडा तिथूनच धरतो. आता पेटीची निम्मी रुंदी कापून नवा पत्रा वेल्ड करून ती पुन्हा बंद केली, तर तिचा पिळापुढचा ताठपणा मूळच्या साधारण एक तृतीयांश राहतो. म्हणजे चारशेपट घट नाही, तिप्पट; आणि ती जाड पत्रा, आतून दिलेला आधार यांनी बरीचशी भरूनही निघते. कुशल वेल्डर आणि कोपऱ्यात खोका कापणारा हौशी यांच्यातला फरक हाच. अमेरिकेतल्या जाणत्यांची वाट आणखी शहाणपणाची आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत चाकाच्या पोकळीचा आतला पत्रा आणि चॅसिस यांच्यामध्ये थोडी जागा फुकट पडलेली असते. तो पत्रा आत सरकवायचा, पाटे आत घ्यायचे, आणि टायर त्या मानानं आत यावा म्हणून ॲक्सल आखूड करायचा. १९५७ ते १९८६ या काळात बनलेला फोर्डचा नऊ इंची ॲक्सल यासाठी लाडका आहे. त्याची नळी दोन्हीकडून कापून पुन्हा जोडतात आणि आतले दांडे आखूड करून त्यांवर नव्यानं दाते पाडतात. चॅसिसला अजून धक्का लागलेला नसतो. एक सावधगिरी मात्र हवी: ॲक्सल आखूड केला, की चाक आत येतं. चॅसिसला घासणाऱ्या गाडीत पत्रा आणि पाटे न हलवता नुसता ॲक्सल आखूड करणं म्हणजे दुखणं वाढवणं.

कारखान्यांनी काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे. लॅम्बोर्गिनीच्या काउंटाक एलपी ४०० ला मागे २१५/७० चे १४ इंची टायर होते. १९७८ ची एलपी ४०० एस आली ती मागे पिरेलीचे ३४५/३५ आर १५ घेऊन. रुंदीतली उडी १३० मिलिमीटरची. त्यासाठी कंपनीनं सस्पेन्शन नव्यानं बसवलं आणि चाकांवर बाहेरून फायबरग्लासच्या कमानी चढवल्या. २०१८ च्या डॉज डीमनलाही ३१५ चे टायर मावावेत म्हणून मडगार्ड बाहेर फुगवावे लागले. ज्यांच्याकडे सगळी यंत्रं आणि सगळे अभियंते आहेत, त्यांनीही जागा शक्यतो बाहेर शोधली. आपल्या गल्लीतल्या गॅरेजनं आधी आत सुरी चालवावी, याला मग काय आधार उरतो?

‘सगळं खरं, पण गाडी दिसते कशी, याला काही किंमत नाही का?’ आहे. सौंदर्याच्या हौसेला तुच्छ लेखणारे लोक मला पटत नाहीत. मडगार्डखाली भरून बसलेलं चाक खरोखरच देखणं दिसतं. पण त्यासाठी रुंदी लागत नाही. टायरची बाहेरची भिंत मडगार्डच्या कडेशी जुळली, की डोळ्याला हवं ते मिळतं, आणि हे योग्य ऑफसेटच्या रिमवर २५५ च्या टायरनंही साधतं. आतल्या बाजूला वाढलेली रुंदी रस्त्यावरच्या कुणालाच दिसत नाही. म्हणजे जी रुंदी चॅसिसला घासते, ती दिसण्याच्याही कामाची नाही.

भारतात तर हा प्रश्न आवडीनिवडीपुरता राहतही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्रातली माहिती विसंगत होईल, असा बदल मालकानं वाहनात करता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम स्पष्ट शब्दांत उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. कायदा फारच कडक आहे, असं वाटणाऱ्यांशी मी थोडा सहमत आहे. हौशीनं, जाणतेपणानं केलेल्या कामाची तपासणी होऊन त्याला मंजुरी मिळण्याची सोपी वाट असायला हवी. पण चॅसिस कापणं त्या वाटेवरही सगळ्यांत शेवटी येईल. आणि अपघातानंतर विम्याचा सर्वेअर जेव्हा गाडीखाली वाकेल, तेव्हा त्याला वेल्डिंगची ती रेघ दिसणारच आहे.

तेव्हा रुंद टायर घ्यायचाच असेल, तर दुकानात जाण्याआधी गाडीखाली जा. जॅक बॉडीखाली न लावता ॲक्सलखाली लावा, म्हणजे पाट्यांवर गाडीचं वजन राहील आणि मिळालेलं माप खरं असेल. चाक काढून हबपासून चॅसिसपर्यंत आणि हबपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना मोजा, आणि चारही आकडे लिहून ठेवा. आतून अर्धा इंच आणि बाहेरून त्याहून थोडं जास्त वजा करा. उरेल तेवढाच टायर मागा, दुकानदार काहीही म्हणो. बसवल्यावर मागे चार माणसं बसवून एखादा घाट फिरवून आणा आणि परत आल्यावर बॅटरी घेऊन टायरची आतली भिंत पाहा. तिथं चकाकी दिसली, तर ग्राइंडर मागवू नका, टायर उतरवा.